सातव्या दिवसाची पाठशाळा

हिब्रू भाषेत वारांना ग्रहांची नावे नाहीत. रविवार हा ‘योम रिशोन’, म्हणजे पहिला दिवस. सोमवार ‘योम शेनी’, दुसरा. स्वतःचे नाव लाभले ते एका सातव्या दिवसाला: शब्बाथ, अर्थात विश्राम.

अमेरिकेतील यहुदी बालकांच्या हिब्रू-इंग्रजी शिशुवर्गाचा आठवडा याच दिवसाकडे चालत असतो. सकाळी ‘बोकेर तोव’ म्हणून अभिवादन करावे, गाण्यातून वार मोजावे, मातीची ‘आलेफ’, ‘बेत’ ही अक्षरे घडवावी. इंग्रजी डावीकडून वाचावी, हिब्रू उजवीकडून. शुक्रवारी सूर्यास्तास शब्बाथ लागतो. म्हणून त्या दिवशी वर्गातच चिमुकले हात पावाच्या पिठाची वेणी वळतात, दानपेटीत नाणे टाकतात, द्राक्षरसावर आशीर्वचन म्हणतात.

हा केवळ खेळ नव्हे. दीड हजारांहून अधिक वर्षे हिब्रू ग्रंथांत व प्रार्थनेत नांदली. पाळण्यापाशी मात्र ती ऐकू येत नसे. १८८१ साली जेरुसलेमास आलेल्या एलिएझर बेन-येहुदांनी आपल्या पुत्रास जन्मापासून हिब्रूच ऐकविली; १८९८ मध्ये रिशोन लेत्सियोन येथे पहिला हिब्रू शिशुवर्ग उघडला. पंडितांनी जपलेली भाषा बालकांनी बोलती केली. तथापि अमेरिकेत घरी परतताच मुलाभोवती बहुधा इंग्रजीच असते. जे टिकायचे ते दर आठवड्याच्या आवर्तनानेच.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेले. हिब्रूचे ज्ञान त्यांच्यातून लोपत आले होते. सातवा दिवस मात्र सुटला नाही. वार राखला, म्हणूनच पुढे अक्षरांना परतण्यास घर सापडले.