सातबाऱ्यावरचे पिवळे प्रश्नचिन्ह



ऊस नोंद असो की पीककर्ज, सातबारा बहुधा लागतोच. २०१८ सालापासून महसूल खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर चावडीवरचा शिक्का किंवा शाईची सही लागत नाही. पण ही पीडीएफ फाइल संगणकावर अॅडोबी रीडरमध्ये उघडली की सहीवर पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि 'व्हॅलिडिटी अननोन' असे शब्द येतात. मग कोणीतरी म्हणतो, "उतारा खोटा दिसतोय!" आणि सभासदाला हात हलवीत परतावे लागते. कर्जाच्या दिवसांत असा एक हेलपाटाही महागात पडतो. म्हणून या चिन्हाचा अर्थ आपण नीट समजून घेऊ.

डिजिटल सही म्हणजे सहीचे चित्र नव्हे. सही होताना संपूर्ण मजकुरावरून एक आकडा काढला जातो आणि तो सही करणाराच्या गुप्त किल्लीने बांधला जातो. नंतर कोणी ०.४० हेक्टरचे ०.९० केले, तर मेळ बसत नाही आणि लबाडी उघडी पडते.

फाइल उघडल्यावर संगणक दोन गोष्टी तपासतो. पहिली, सहीनंतर मजकूर बदलला आहे काय? दुसरी, सही करणाराची ओळख कोण देतो? पिवळे प्रश्नचिन्ह बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे असते. बँकेत नवे खाते काढताना पूर्वी जुना खातेदार ओळख देत असे, तसेच हे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार आपल्या देशात प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, म्हणजे सीसीए, नेमलेले आहेत. ते परवानाधारक संस्थांची ओळख देतात आणि त्या संस्था सही करणाराची. या साखळीचा वरचा टोक-दाखला संगणकाच्या विश्वासाच्या यादीत नसला, की तो म्हणतो, "मी या माणसाला ओळखत नाही." ओळखत नाही म्हणजे चोर आहे, असे नव्हे.

आता उपाय. हे काम मोबाइलवर करू नका; पुष्कळ मोबाइल ॲप सही तपासतच नाहीत.

१. संगणकाची तारीख-वेळ बरोबर आहे ना, ते पाहा व इंटरनेट चालू ठेवा.

२. सहीवर क्लिक करून 'सिग्नेचर प्रॉपर्टीज' उघडा. सहीनंतर कागद बदललेला नाही, असे तिथे लिहिलेले असले पाहिजे. हे नसेल तर पुढे जाऊ नका.

३. 'शो सायनर्स सर्टिफिकेट' दाबा. डाव्या बाजूच्या साखळीत सर्वांत वर 'सीसीए इंडिया' व साल दिसावे. त्या नावावर क्लिक करा.

४. नुसत्या नावावर विसंबू नका. नाव कोणीही टाकू शकतो. 'डिटेल्स'मध्ये 'डायजेस्ट' नावाची अक्षर-अंकांची लांब ओळ असते. दाखल्याचा तो अंगठाच समजा. नियंत्रकांच्या सरकारी संकेतस्थळावरील मूळ दाखल्याशी तो ताडून पाहा.

५. तंतोतंत जुळला तरच 'ट्रस्ट'मध्ये जाऊन 'अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' दाबा, मान्यता द्या आणि 'व्हॅलिडेट सिग्नेचर' करा. हिरवी खूण येईल. एकदा मूळ दाखला यादीत बसला, की त्याच साखळीतल्या पुढच्या उताऱ्यांना त्या संगणकावर हा खटाटोप नको.

लाल फुली आली तर मात्र गोष्ट वेगळी. मजकूर बदलला आहे किंवा फाइल बिघडली आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. असा उतारा स्वीकारू नका. संकेतस्थळावरून नवा काढा.

आणखी काही गोष्टी ध्यानात असू द्या. उताऱ्याचा फोटो काढला, स्कॅन केला किंवा छापला, की डिजिटल सही तपासता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर फोटो न पाठवता मूळ फाइलच डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापील कागदावरची हिरवी खूण पुरावा नव्हे. ती कोणीही छापू शकतो. छापील प्रत हाती आली, तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक महसूल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा समोर आणा आणि गट नंबर, क्षेत्र, नावे ताडून बघा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. हिरवी खूण एवढेच सांगते, की सही ओळखीची आहे आणि सहीनंतर कागद बदललेला नाही. त्या तारखेनंतर जमिनीवर बोजा चढला असेल, फेरफार झाला असेल, तर ते जुन्या उताऱ्यात कुठून दिसणार? म्हणून जमिनीचा व्यवहार करताना किंवा कोणाला जामीन राहताना उतारा त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने काढा. पिवळ्या चिन्हाला घाबरू नका. पण हिरवी खूण दिसली म्हणून तारीख बघायला विसरू नका.