व्यसनाचे मूळ उंबरठ्याच्या आत

मुलांच्या व्यसनाधीनतेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोष प्रथम वाईट संगतीला दिला जातो, मग चित्रपटांना आणि शेवटी पानटपरीला. यात तथ्य नाही असे नाही. पण एकाच टपरीवरून शाळेत जाणाऱ्या दहा मुलांपैकी दोघांचाच हात खर्‍याच्या पुडीकडे का वळतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर बहुधा त्या मुलांच्या घरात असते.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतील डॉ. फेलिटी व डॉ. आंडा यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाची विचारपूस केली. मारहाण, अवहेलना, घरातील व्यसन, आईवर होणारा अत्याचार अशा चार वा अधिक प्रकारच्या आपत्ती ज्यांनी सोसल्या होत्या, त्यांच्यात दारू व अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच अमली पदार्थाला हात लावण्याची शक्यता प्रत्येक आपत्तीगणिक २ ते ४ पटींनी वाढते, असे २००३ मधील पुढील अभ्यासाने दाखविले. मूल नशा शोधत नाही. ते दुःखावर उतारा शोधत असते.

वऱ्हाडाला हे सांगण्यासाठी परदेशी पंडिताची गरज नसावी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन आजच्या अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास माहेरी आली. गुरे राखीत, शेतात राबत तो पोर वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्याने गोडाचे जेवण घातले. हाच डेबूजी म्हणजे गाडगेबाबा. परंतु 'मनात आणले तर कोणीही सुटू शकतो' असा सोयीस्कर अर्थ या चरित्रातून काढणे चूक होय. त्या पोरक्या मुलाला आजोळचे छप्पर मिळाले, आईची माया मिळाली आणि गोतावळ्यात मानाचे काम मिळाले. ज्याला यातले काहीच मिळत नाही, त्याच्याकडून संतत्वाची अपेक्षा करणे हा निर्दयपणा आहे.

२००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विशेष योजनेत अमरावती व अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्हे होते. व्याजमाफी, सिंचन, बियाणे यांचा विचार तीत झाला. आत्महत्या 'पात्र' ठरल्यास कुटुंबाला १ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूदही राज्याने केली. पण हिशेब झाला तो कर्जाचा आणि सातबाऱ्याचा. बापाचा देह पाहिलेले दहा वर्षांचे पोर रात्री झोपते की नाही, हे विचारणारा रकाना कोणत्या पंचनाम्यात आहे?

कायद्यांची वाण नाही. बालकास दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्यांची कठोर अंमलबजावणी व्हावीच. पण बंदी पुडी हिरावते, पोकळी भरीत नाही.

ती भरण्याचे काम गावातच होऊ शकते. घरात मृत्यू वा मोठा कलह घडला की त्या मुलाची नोंद शाळेने घ्यावी. सतत गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी करण्याआधी शिक्षकाने त्याचे दार ठोठवावे. बालसंगोपन योजनेचा अर्ज विधवेने तालुक्याला खेटे घालून भरण्यापेक्षा तो तिच्या दारी भरला जावा. व्यसनात सापडलेल्या मुलाला शाळेबाहेर काढण्याऐवजी रुग्णालयात न्यावे.

ज्या भूमीने आपल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव दिले, तिने त्यांचे बालपणही अभ्यासावे. खराटा त्यांनी मोठेपणी हाती घेतला; पण दारूने उद्ध्वस्त झालेले घर त्यांनी त्याआधी, लहानपणीच पाहिले होते.