गाडी ते दार

दुपारचे बारा वाजून गेले होते. देगलूरच्या बसस्थानकाकडच्या रस्त्यावर, एटीएमसमोरच्या टपरीवर मी चहा पीत बसलो होतो. कॅश व्हॅन आली. आधी गनमॅन उतरला. पन्नाशी ओलांडलेला, फौजेतून निवृत्त झालेला माणूस, हातात बारा बोअरची डबल बॅरल बंदूक. त्यानं आतल्या लोकांना बाहेर काढलं, खोलीत डोकावून आला आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. तेव्हा कुठं मागचं दार उघडलं आणि दोन कस्टोडियन, म्हणजे रोकड सांभाळणारे कर्मचारी, पेटी धरून उतरले.

गाडीपासून दारापर्यंत मी त्यांची पावलं मोजली. अकरा. मध्ये एक हातगाडी, दोन मोटारसायकली आणि रांग मोडून पुढं सरकलेले आपणच.

शटर अर्धं खाली आलं. एटीएमच्या तिजोरीचा अर्धा नंबर एका कस्टोडियनकडं असतो, अर्धा दुसऱ्याकडं. एकटा कुणीच ती उघडू शकत नाही. मग कॅसेटी, म्हणजे नोटांचे डबे, बाहेर काढून त्यांत गड्ड्या भरायच्या. पाचशेच्या वीस गड्ड्या भरल्या की एका कॅसेटमध्ये दहा लाख होतात. हे सगळं जमिनीवर उकिडवं बसून, पाठ रस्त्याकडं करून. गोळीबार झालाच तर या दोघांना तो आधी ऐकू येणार, दिसणार नंतर.

गनमॅननं मात्र एकदाही आत पाहिलं नाही. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, “लोकं नोटाकडं बघलालेत, मी लोकाच्या हाताकडं बघलालो.” बिदरचा विषय मी काढला नव्हता, त्यानंच काढला.

१६ जानेवारी २०२५. बिदर इथून औरादमार्गे दीड-दोन तासांवर. इथल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी तिकडं. भर सकाळी एटीएममध्ये भरायची रक्कम नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर मोटारसायकलवरच्या दोघांनी गोळ्या झाडल्या. एक कर्मचारी गेला, दुसरा गंभीर जखमी झाला. ऐंशी लाखांहून जास्त रक्कम घेऊन लुटारू हैदराबादला पोचले आणि त्याच दिवशी अफझलगंजात, बॅग तपासू पाहणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या माणसावरही त्यांनी गोळ्या चालवल्या. तोही आपलं कामच करत होता. आपल्याकडं बातमीत लुटीचा आकडा आधी येतो, माणूस मागाहून. मला ते सहन होत नाही.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय गृहखात्यानं २०१८ मध्ये ते ठरवून दिले: गाडीत ड्रायव्हर, दोन कस्टोडियन आणि किमान दोन सशस्त्र रक्षक, एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रक्कम नको, शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएम भरायचं नाही. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की कुलूपबंद कॅसेटी आधीच भरून आणा आणि जागेवर नुसत्या बदला. म्हणजे रस्त्याच्या कडेला गड्ड्या उघड्या पडणार नाहीत आणि माणसंही तिथं कमी वेळ थांबतील. या बदलाची मुदत पुढं वाढवली गेली. मी पाहत होतो तिथं गड्ड्या जागेवरच भरल्या जात होत्या. वीस मिनिटं लागली.

आणि गनमॅन एकच होता. कोणत्या कंपनीची गाडी ते मी लिहिणार नाही. त्या माणसाची भाकरी त्यावर आहे. पण मुद्दा लिहायलाच हवा. तिजोरीला दोन माणसं लागतात हा नियम कधी मोडत नाही, कारण मोडला तर तिजोरी उघडतच नाही. रस्त्यावर दोन रक्षक हवेत हा नियम मोडला तरी गाडी सुरू होते, पैसे भरले जातात, कुणाचं काही अडत नाही. वाचतो तो एका माणसाचा पगार. उरलेल्या एकानं मग एकाच वेळी नांदेडकडचा रस्ताही बघायचा आणि हैदराबादकडचाही.

शटर वर गेलं, रिकामी पेटी गाडीत चढली. टपरीवाल्यानं चहा पुढं केला. गनमॅननं ग्लास डाव्या हातात घेतला, उजवा बंदुकीवरच. दोन घोटांत चहा संपवला. अजून हाणेगावच्या बाजूला जायचं होतं, सहाच्या आत.

दार लावण्याआधी मला आतलं बाक दिसलं. गनमॅनच्या शेजारच्या जागेवर पाण्याचा जार ठेवला होता, हलू नये म्हणून दोरीनं बांधलेला.