दाढेला टोपी का घालायची?



दाढ ठणकायला लागली की माणसाला रात्रभर झोप येत नाही. तो लवंग दाबतो, मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो. शेवटी तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर ‘रूट कॅनाल’ करतात आणि दाढ वाचवतात. दुखणे थांबते. मग गडी म्हणतो, “झाले काम!” आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. इथेच घोटाळा होतो. काम अजून अर्धेच झालेले असते.

रूट कॅनाल म्हणजे काय, ते आधी पाहू. दात वरून टणक असतो, पण आतून पोकळ असतो. त्या पोकळीत नाजूक मांस, रक्तवाहिन्या व नसा असतात. कीड खोल गेली म्हणजे हा भाग सुजतो, सडतो. डॉक्टर दाढेला वरून भोक पाडून तो काढून टाकतात. मुळांतल्या नळ्या धुऊन साफ करतात. त्यांत झाडाच्या चिकापासून केलेला, रबरासारखा पदार्थ भरतात.

आता दाढेत उरले काय? बराच भाग किडीने खाल्लेला. थोडा डॉक्टरांना कोरावा लागलेला. छप्पर उडालेल्या घरासारख्या नुसत्या भिंती राहतात. अशा दाढेने आपण चणे-फुटाणे खातो, ऊस चावतो. एक दिवस खडा लागतो आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली, तर दाढ बहुधा काढावीच लागते. पैसा गेला, मजुरीचे दिवस बुडाले, आणि दाढही गेली.

बैलगाडीचे लाकडी चाक आठवा. त्यावर लोखंडी धाव चढवतात. धाव चाकाला चहूकडून आवळून धरते, म्हणून ते फुटत नाही. दाढेच्या टोपीचे कामही तेच. मात्र टोपीला धरायला हिरडीच्या वर दाताची शाबूत भिंत हवी. सभोवार दोन मिलिमीटर तरी हवी. शाळेच्या पट्टीवरची दोन बारीक घरे, एवढीच! पण चालढकल केली तर तेवढीही उरत नाही.

याला पुरावा काय? अमेरिकेतली एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत रूट कॅनाल केलेल्या १४ लाखांहून अधिक दातांची नोंद होती. आठ वर्षांनंतर शंभरांतले ९७ दात तोंडात टिकून होते. जे काढावे लागले, त्यांतल्या शंभरांपैकी ८५ दातांवर पूर्ण टोपी नव्हती.

सगळ्याच दातांना टोपी लागते असे नाही. पुढच्या दातावर चावण्याचा जोर कमी येतो. तो फारसा किडला नसेल, तर चांगले सिमेंट भरूनही भागते. दाढेला मात्र बहुतेक वेळा टोपी हवीच.

आणखी एक गोष्ट. डॉक्टर कधी कधी आधी कच्चे सिमेंट भरतात. ते थोड्या दिवसांपुरतेच असते. ते झिजले की लाळ आणि जंतू आत शिरतात व केलेली सफाई वाया जाते. म्हणून पक्के काम सांगितलेल्या दिवशीच करून घ्यावे.

टोपी बसली तरी दात घासणे सोडू नये. टोपीच्या कडेला कीड लागू शकते. दाढेत नस नसल्यामुळे ती ठणकून आपल्याला सांगणार नाही. म्हणून सकाळी आणि रात्री दात घासावे, वर्षातून एकदा तरी दाखवून यावे. तंबाखू, मिश्री दूर ठेवावी. त्यांनी हिरड्या बिघडतात. पायाच खचला तर भिंत काय करणार?

खर्चाची अडचण खरी आहे. म्हणून सुरुवातीलाच विचारावे, “टोपीसकट सगळे किती होतील? किती खेपा पडतील?” विचारण्यात कमीपणा नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे खर्च कमी येतो.

शेताला कुंपण घातल्यावाचून पेरणी राखली जात नाही. दाढेचेही तसेच आहे. दुखणे थांबले म्हणून थांबू नका. टोपी बसवूनच घरी या.