जुन्या गाड्यांचे वायपर : मोटर बदलण्यापूर्वींची तपासणी

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे जुन्या जीप व पिकअप गाड्यांची एक खोड पुष्कळांच्या अनुभवास येते. दिवाळीपासून जो वायपर कोणीं चालविला नाहीं, तो ऐन वेळीं हालत नाहीं, किंवा अर्ध्या कांचेवर येऊन थांबतो. भाजीपाला भरून पहांटे आंबा घाट उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कांच धुरकट झाली म्हणजे वळण आणि वळणावरून येणारा ट्रक हीं एकदमच दिसतात. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०१ व्या नियमान्वयें यंत्रशक्तीनें चालणारा व नीट काम देणारा वायपर गाडीस असलाच पाहिजे. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी वाढवून घेतेवेळीं ही उणीव नजरेंतून सुटेल असें समजूं नये.

अशा वेळीं मिस्त्री बहुधा "मोटर जळाली" एवढेंच सांगून मोकळा होतो, आणि मालक पैसे मोजतो. वहींतील बेरीज जुळली नाहीं म्हणून कोणी सारी वही फाडून टाकीत नाहीं. एकेक रकाना पडताळून पाहतो. येथेंही तेंच करावें. मोटर दोषी ठरविण्यापूर्वी तिच्या पुढचे व मागचे भाग तपासावे.

रचना साधी आहे. १२ व्होल्टची लहान मोटर एक दांतेरी चाक फिरविते. त्या चाकाच्या क्रँकला जोडदांडी असते. आणि त्या दांडीनें कांचेच्या चौकटींतून बाहेर आलेले दोन आंस मागेंपुढें हालतात. कांहीं जुन्या जीपगाड्यांत दोन बाजूंस दोन मोटरी असतात, त्यांत जोडदांडी नसते. याहून जुने वायपर इंजिनाच्या शोषणानें चालत व घाट चढतांना मंदावत. विजेच्या वायपरास ती खोड नाहीं. म्हणून तो मंद चालूं लागल्यास "जुनी गाडी, असेंच चालावयाचें" असें म्हणून सोडून देऊं नये.

प्रथम बिघाड यंत्राचा कीं विजेचा, हें ठरवावें. कांच भिजवून स्विच लावावा व मोटरीकडे कान द्यावा. गुणगुण ऐकूं येते परंतु वायपर हालत नाहीं, तर मोटरीस वीज पोंचत आहे. जोडदांडी निसटली असेल, किंवा आंस गंजून अडकले असतील. मग बॅटरीची ऋण तार सोडून जोडदांडी क्रँकपासून वेगळी करावी आणि आंस बोटांनीं फिरवून पाहावे. (बोटें आंत असतां कोणीं स्विच लावला तर काय होईल, हें सांगावयास नको.) बोटांनीं फिरत नाहीं तो आंस एवढ्याशा मोटरीनें फिरवावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. चौकटीच्या बुशांत पाणी मुरतें, त्यावर मळणीची धूळ व भुसा बसतो, आणि जुनें ग्रीस मेणासारखें घट्ट होतें. गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर ठेवावें, आंस हळूहळू मोकळा करावा व नंतर मशीनचें तेल द्यावें. वायपरचा दांडा हातानें हिसडून मोकळा करण्याची जी रीत आहे, तिनें आंतल्या चाकाचे दांते मोडतात. पुष्कळ मोटरींत तें चाक नायलॉनचें असतें. आणि अडकलेल्या आंसावर स्विच तसाच लावून ठेवला, तर मोटर प्रमाणाबाहेर वीज घेऊन तापते व मग मात्र खरोखरच जळते.

गुणगुणही नसेल तर फ्यूज पाहावा. जळलेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार गुंडाळणारे लोक आहेत. फ्यूजनें जळावयाचें तें मग गाडींतील सारें वायरिंग जळतें. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तोही उडाला तर तार कोठें तरी पत्र्यास लागत आहे, किंवा मोटर अडकली आहे. ज्यांची गाडी कडब्याच्या शेडमध्यें उभी असते, त्यांनीं उंदरांनीं कुरतडलेल्या तारा आधीं शोधाव्या.

फ्यूज चांगला असल्यास १२ व्होल्टच्या लहान दिव्यास दोन तारा जोडून एक टोंक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला व दुसरें मोटरीकडे येणाऱ्या तारेस लावावें. इग्निशन व स्विच लावल्यावर दिवा लागला तर वीज तेथवर येते. न लागल्यास स्विचमध्यें किंवा वाटेंत खंड आहे. लुकास पद्धतीच्या कांहीं जुन्या मोटरींत स्विच अर्थच्या बाजूस असतो; तेथें स्विच बंद असतांही दिवा लागतो, तें बिघाडाचें लक्षण नव्हे.

सर्वांत फसवा भाग म्हणजे अर्थ. जीपगाडीची कांचेची चौकट बिजागरीवर पुढें पडते. मोटर चौकटीवर असली व अर्थची तार निराळी नसली, तर वीज परत जाण्याचा रस्ता त्या गंजक्या, रंग चढलेल्या बिजागरींतून असतो. मोटर ४ अँपिअर वीज घेत असेल आणि त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम असेल, तर २ व्होल्ट तेथेंच खर्च होतात. १२ पैकीं १० च मोटरीस मिळतात, व ती रडतखडत चालते. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारांनीं चौकट नव्यानें रंगवून घेतली आणि त्यानंतर दोन पावसाळ्यांत दोन मोटरी बदलल्या. बोल्टाखालचा रंग खरवडून मोटरीच्या अंगापासून बॉडीपर्यंत एक तार टाकतांच काढून ठेवलेली जुनी मोटरही चांगली चालली. परीक्षा सोपी आहे : बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून एक तार मोटरीच्या अंगास टेकवावी. वेग वाढला तर दोष अर्थचा. इंजिन रेस केल्यानेंच वेग वाढत असेल तर बॅटरी व चार्जिंग तपासावें.

स्विच बंद करतांच वायपर भलतीकडे थांबतो, किंवा बंद करूनही थांबत नाहीं, तर मोटरीवरील पार्किंग स्विचचे संपर्क पाहावे. मोटर त्यासाठीं बदलावी लागत नाहीं.

हें सर्व करूनही ती फिरेना, तर मग ती उघडावी. कार्बन ब्रश झिजून आंखूड झाले आहेत काय, त्यांची स्प्रिंग ढिली आहे काय, हें पाहावें. कम्युटेटर पेट्रोलच्या चिंधीनें पुसून बारीक कांचकागदानें उजळावा. एमरी वापरूं नये, तिचे कण तांब्यांत रुततात. खांचांत साचलेली कार्बनची पूड काढावी. बुशांस तेलाचे दोन थेंब पुरेत. ब्रशांवर तेल जाऊं देऊं नये. आर्मेचरचें वेष्टण काळें पडून जळका वास येत असेल, तर मात्र मिस्त्रीचें म्हणणें खरें.

नवी किंवा जुन्या बाजारांतली मोटर आणावयास जातांना आपली जुनी बरोबर न्यावी. क्रँकची बाजू, कोनाचा फेर आणि बोल्टांच्या जागा जुळवून पाहाव्या. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराच्याच बॅटरीवर ती पांच मिनिटें फिरवून घ्यावी व हात लावून किती तापली तें पाहावें.