लिहवत नाही तेव्हा

लेखन अडले की मराठी माणूस त्याला एकच नाव देत नाही. एक जण म्हणतो ‘सुचत नाही’, दुसरा म्हणतो ‘जमत नाही’, आणि दिवसभराच्या कामाने शिणलेला तिसरा म्हणतो ‘लिहवत नाही’. हे तीन निरनिराळे अडथळे आहेत. ‘सुचत नाही’ म्हणजे मजकुराचीच वाण आहे. ‘जमत नाही’ म्हणजे मजकूर आहे, पण कागदावर उतरलेले मनाला पटत नाही. ‘लिहवत नाही’ हे व्याकरणातले शक्य क्रियापद, चालवत नाही, बोलवत नाही यांच्या घरातले. त्यात इच्छा शाबूत असते, बळ तेवढे संपलेले असते.

इंग्रजीत या साऱ्याला मिळून ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात. ऑस्ट्रियातून न्यूयॉर्कला गेलेले मनोविश्लेषक एडमंड बर्ग्लर यांनी १९४०च्या दशकात ही संज्ञा वापरात आणली आणि या अडथळ्याचे मूळ लेखकाच्या बालपणात शोधले. त्यांची उपपत्ती आज फारसे कोणी मानत नाही, संज्ञा मात्र जगभर टिकली. एकच नाव पडल्यामुळे उपायांचीही सरमिसळ झाली. भीतीने अडलेल्याला झोप घ्यायला सांगून उपयोग नसतो आणि दमलेल्याला धीर देऊन उपयोग नसतो. मराठीत केवळ लेखनावर घर चालवणारे मोजकेच आहेत. बहुतेक लेखन शाळा, बँक, कचेरी, शेती किंवा स्वयंपाकघर सांभाळून होते, त्यामुळे इथल्या लेखकाला या तिन्हींतला सर्वांत जास्त छळणारा अडथळा थकव्याचाच आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवा हंगाम सुरू झाला. पावसाळ्याच्या तोंडावर संपादकांची पत्रे येतात, भर पावसात मजकूर द्यायची तारीख उजाडते. अशा दिवसांतली एखादी संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. मुंबईत नोकरी करणारी लेखिका लोकलने कल्याणला उतरते, भाजी घेते, घरी स्वयंपाक, जेवणे, मुलाचा गृहपाठ, आणि साडेनऊला टेबलाशी बसते. पहिले वाक्य लिहिते: आजी खिडकीशी बसली होती. खोडते. खिडकीशी आजी बसली होती. तेही खोडते. आजी खिडकीत बसून होती. पाऊण तासात तीन वाक्ये, तिन्ही एकच, आणि तिन्ही खोडलेली. आपल्यातले लेखन आटले, असे मनाशी धरून ती दिवा मालवते.

प्रत्यक्षात आटलेले काहीच नसते. एक वाक्य लिहिताना मेंदूला बऱ्याच गोष्टी एकाच वेळी हातात धरून ठेवाव्या लागतात: मागच्या वाक्यात काय म्हटले, पुढे कुठे जायचे आहे, बोलणारे पात्र कोण, त्याच्या तोंडी कोणता शब्द शोभेल. मानसशास्त्रात या धरून ठेवण्याला कार्यस्मृती म्हणतात. तिची झोळी मुळातच लहान असते, आणि थकव्याने ती आणखी आक्रसते. मग लांबचे धागे निसटतात आणि समोरच्या चार शब्दांची उलथापालथ तेवढी हाती राहते. खोडायला मात्र फारसे बळ लागत नाही, म्हणून दमलेला हात लिहितो कमी आणि खोडतो जास्त.

अपुऱ्या झोपेचा परिणाम किती खोल जातो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली दाखवले. ज्यांना सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळाली, त्यांची एकाग्रता आणि स्मरण दोन रात्री अखंड जागलेल्या माणसांइतके ढासळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आपण इतके ढासळलो आहोत याची त्यांना पुरेशी जाणीव नव्हती. सहा तासांच्या झोपेवर महिनोन्‌महिने काढणारा लेखक आपल्या प्रतिभेला दोष देतो, तो याच अजाणतेपणातून.

स्फूर्ती नसेल तर लिहू नये, असे मानणारा एक पंथ आहे. आपल्या काव्यशास्त्राने मात्र हे कधीच पुरते मान्य केले नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे कारण सांगताना जन्मजात शक्ती, लोक आणि शास्त्र पाहून आलेली निपुणता आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या. त्याच्या आधी, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्याच आखून दिली. हा राजशेखर यायावर कुळातला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवलेल्या अकालजलदाचा पणतू. त्याच्या वेळापत्रकात दिवसाचा पहिला प्रहर अध्ययनाचा आहे, दुसरा रचनेचा. दुपारी जेवणानंतर काव्यगोष्टी, म्हणजे जाणकारांशी चर्चा. सकाळी रचलेले तपासायचे ते चौथ्या प्रहरी, कारण रसाच्या भरात लिहिणाऱ्याला स्वतःचे गुणदोष दिसत नाहीत. रात्रीच्या पहिल्या प्रहरात तपासलेले लिहून काढायचे, आणि पुढचे दोन प्रहर चांगली झोप घ्यायची, शरीराच्या आरोग्यासाठी. हजार वर्षांपूर्वीच्या या आखणीत थकलेल्या लेखकाला हवे ते जवळजवळ सगळे आहे. रचना आणि पारख यांच्या वेळा वेगळ्या ठेवलेल्या आहेत, ताज्या मनाला ताजे काम दिलेले आहे, आणि झोप हा लेखनाचाच भाग मानलेला आहे.

राजशेखराचा दिवस राजाश्रय असलेल्या कवीचा होता, हे खरे. नोकरदाराला सकाळचा दुसरा प्रहर मिळत नाही. पण आखणीमागचे तत्त्व त्यालाही लागू पडते: लेखन हे एक काम नसून अनेक कामांची जुळणी आहे, आणि त्यातली काही कामे दमलेल्या माणसाला सहज पेलतात. रात्री साडेनऊला नवे पान रचण्याचा हट्ट सोडावा. त्या वेळी टिपणे उतरवून काढावीत, तारखा आणि नावे ताडून पाहावीत, मागचे पान स्वच्छ अक्षरात नकलावे. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास घालून अक्षर, लेखणी, कागद, शाई यांची तपशिलाने काळजी घेतली आहे. लिहिणे हे हाताचेही काम आहे, आणि मन थकले तरी हात बराच वेळ चालू शकतो. नकलताना एखादा शब्द आपोआप बदलतो, एखादे वाक्य पुढे सरकते, आणि अनेकदा तिथूनच गाडी सुरू होते.

हाताला मोकळे सोडण्याचा दुसरा मार्ग अमेरिकेतले लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केला. घड्याळ लावून दहा मिनिटे न थांबता लिहायचे. खोडायचे नाही, मागे वाचायचे नाही, काही सुचले नाही तर सुचत नाही असेच लिहीत राहायचे. यासाठी चांगली वही घेऊ नये, पाठकोरा कागद घ्यावा. त्यावरचे फुकट गेले तरी जिवाला लागत नाही. मघाची लेखिका वाक्य बांधण्याऐवजी पाठकोऱ्यावर नुसते शब्द टाकते: आजी, खिडकी, गज थंड, खाली दूधवाल्याची सायकल, आजी हाक मारते, नाव चुकते, कुणाचे नाव? ही कथा नव्हे, पण उद्या सकाळी टेबलाशी बसल्यावर तिला कोऱ्या पानाला तोंड द्यायचे नाही. एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, आणि तो प्रश्न रात्रभर मनात राहिलेला आहे.

पुढचे काय ते ठाऊक असतानाच हातातले काम थांबवावे, ही अर्नेस्ट हेमिंग्वे यांची रीत याच कारणाने उपयोगी पडते. अर्धे वाक्य टाकून उठणे जिवावर येते, म्हणून फार थोडे जण ती पाळतात. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यात नोकरी करत होते. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसता यावे म्हणून कॉफी घेऊन उठवायला येणाऱ्या नोकराला ते वर्षाला पाच पौंड जादा देत. बसल्यावर पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात जाई आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. या शिस्तीवर त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. शब्दांचा हा वेग सर्वांना झेपणारा नाही आणि त्याची नक्कल करण्याची गरजही नाही. घेण्यासारखा आहे तो अर्धा तास. जडावलेले मन कालच्या मजकुराच्या उताराने खाली आणले की ते नव्या ओळीपर्यंत पोहोचते.

लिहवत नसेल तरी बोलवते, असेही पुष्कळदा होते. विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. दस्तयेवस्की यांनी १८६६ साली ‘जुगारी’ ही कादंबरी प्रकाशकाच्या करारातली मुदत गाठण्यासाठी लघुलेखिका आन्ना स्नित्किना यांना तोंडी सांगून २६ दिवसांत पुरी केली. आज खिशातल्या फोनमध्ये ध्वनिमुद्रण आहे आणि मराठी बोलणे टंकून घेण्याची सोयही. लोकलच्या गर्दीत नाही, पण स्थानकावरून घरी चालताना दोन मिनिटे बोलून ठेवता येतात. चालण्याचा फायदा वेगळाच: स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या.

थकव्याची एक बाजू अनपेक्षित आहे. मारेके वीट आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली असे दाखवले, की एकदम उकल सुचावी लागते अशी कोडी माणसे आपल्या उत्तम वेळेपेक्षा मरगळलेल्या वेळी अधिक चांगली सोडवतात. पहारा सैल पडला की दूरच्या गोष्टी मनात शिरतात. म्हणजे रात्री कथेचा शेवट, लेखाचे शीर्षक किंवा दोन प्रसंगांतला दुवा सुचू शकतो. तो टिपून झोपावे, आणि वाक्ये बांधण्याचे काम सकाळवर सोपवावे. रात्री उशिरा चहा-कॉफीवर बैठक ताणणे अंगाशी येते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दहा वाजताची कॉफी पहाटे तीनपर्यंत निम्मी शिल्लक असते आणि दुसऱ्या दिवसाचे लेखनही खाते.

चांगली झोप झाली, रविवारची सकाळ मोकळी आहे, तरीही लेखन हलत नसेल, तर अडथळा थकव्याचा नाही. अमेरिकन अभ्यासक माइक रोझ यांनी १९८४ सालच्या पुस्तकात विद्यार्थ्यांच्या अडण्याचा शोध घेतला, तेव्हा अडणारे विद्यार्थी काही ताठर नियमांना बांधलेले आढळले: पहिला परिच्छेद निर्दोष झाल्याशिवाय दुसरा लिहायचा नाही, अशा धर्तीचे. अशांनी मधला भाग आधी लिहावा. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्याने टेबल सोडून मजकूर गोळा करायला बाहेर पडावे, वाचावे, माणसांना भेटावे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून काढली, कारण आईच्या त्या आठवणी वर्षानुवर्षे त्यांच्या आत पिकत होत्या.

आणि एक शक्यता लेखनाच्या बाहेरची आहे. पुरेशी झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे शीण जात नसेल, तर रक्त तपासून घ्यावे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. थायरॉइडची कमतरताही अशीच मरगळ आणते. ज्यात आनंद वाटायचा अशा साऱ्याच गोष्टींतून मन उठले असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. उपचार लागू पडायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात टिपणवही उशाशी असली तरी पुरे, आणि कबूल केलेल्या लेखाची तारीख संपादकांना वेळेत फोन करून पुढे ढकलून घ्यावी.