पाकीट उघडण्याआधीचा न्याय

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांसाठी गट आरोग्यविमा सुरू केला. विमा उतरवला युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीने. दोन वर्षे योजना चालली. मग दाव्यांची रक्कम वाढल्याचे सांगत कंपनीने बराच जास्त हप्ता मागितला, महापालिकेला तो मान्य झाला नाही आणि ऑगस्ट २०१७ पासून योजना बंद पडली. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आणि सरकारी मालकीची विमा कंपनी यांच्यातला करार तिसऱ्या वर्षी मोडला, आणि ज्यांच्यासाठी तो केला होता ते सफाई कामगार, परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान पुन्हा स्वतःच्या खिशातून दवाखान्याची बिले भरू लागले. कामगार संघटना नंतर कित्येक वर्षे तीच मागणी करत राहिल्या. या घटनेची चर्चा बहुतेक वेळा 'कोणाचा हट्ट चुकला' इथेच थांबली. मला मात्र त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अशा विम्यासाठी कंपनी निवडताना न्याय झाला की नाही, हे नेमके कोणत्या टप्प्यावर ठरते?

आपल्याकडे निवडीचा न्याय म्हणजे पाकिटे सर्वांसमोर उघडणे, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देणे आणि टिपणीवर सह्या करून घेणे, असे धरले जाते. हे आवश्यक आहे, पण गटारावरच्या स्लॅबच्या कामाला जेवढे पुरते तेवढे विम्याला पुरत नाही. स्लॅबची जाडी मोजता येते. विम्यात विकत घेतली जाते ती पुढच्या वर्षी, अमुक प्रसंगी, अमुक ठिकाणी पैसे देण्याची हमी, आणि तिची जाडी अटींमध्ये लपलेली असते. म्हणून माझे म्हणणे असे, की कर्मचारी विम्यातला न्याय पाकीट उघडताना ठरत नाही. निविदेच्या अटी लिहिल्या जातात त्या दिवशीच तो ठरून गेलेला असतो. बोली लावणाऱ्या कंपन्यांवर होणारा अन्याय आणि कर्मचाऱ्यांवर होणारा अन्याय यांचे मूळही एकाच जागी सापडते: जुन्या दाव्यांच्या माहितीत. गेल्या तीन-चार वर्षांत किती जण दाखल झाले, कशासाठी, किती खर्च झाला, किती दावे नाकारले, ही माहिती जुन्या कंपनीकडे, तिच्यासाठी दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे आणि मध्यस्थ ब्रोकरकडे असते. नव्या कंपनीला ती मिळत नाही किंवा अर्धवट मिळते. मग एक तर ती भीतीपोटी दर चढा लावते, किंवा काम पदरात पाडून घेण्यासाठी अंदाजाने फार खाली उतरते. पहिल्या बाबतीत स्पर्धा नावापुरती राहते. दुसऱ्या बाबतीत पहिले वर्ष सुखाचे जाते, दुसऱ्या वर्षी दाव्यांवर कात्री चालते आणि तिसऱ्या वर्षी करार मोडायची पाळी येते.

अटी मागाहून बदलल्याचा आरोप झाला तर काय होते, याचे उदाहरण जम्मू-काश्मीरचे आहे. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सक्तीची गटविमा योजना १ ऑक्टोबर २०१८ पासून रिलायन्स जनरल इन्शुरन्सकडे गेली. कर्मचाऱ्याला वर्षाला ८,७७७ रुपये आणि निवृत्तिवेतनधारकाला २२,२२९ रुपये हप्ता होता. महिना पुरा व्हायच्या आतच राज्य प्रशासनाने करार रद्द केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. पात्रतेच्या मूळ अटी सैल केल्याचा आरोप त्यात आहे. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. त्यावर इथे मत देण्याचा अधिकार कोणाला नाही. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता दिसते: लाखो माणसांचा हप्ता ज्यांवर ठरला त्या अटी कोणी, केव्हा आणि का ठरवल्या किंवा बदलल्या, हे कर्मचाऱ्यांना त्या वेळी समजायचा मार्गच नव्हता. ज्याच्या पगारातून पैसे कापले जाणार, त्याला मसुदा आधी पाहायला मिळत नाही. हीच रीत आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांतही आहे.

केरळचा अनुभव वेगळा आहे आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला जास्त जवळचा. १ जुलै २०२२ पासून तिथे 'मेडिसेप' योजना सुरू झाली. महिना ५०० रुपये हप्ता, तीन लाखांचे संरक्षण, कंपनी ओरिएंटल इन्शुरन्स, लाभार्थी सुमारे तीस लाख. हप्ता कमी, कारभार सरकारी, वयाची अट नाही, निवृत्तांनाही तोच दर; न्यायाच्या दृष्टीने मांडणी चांगलीच होती. तरी सुरुवातीपासून तक्रार आली ती रुग्णालयांच्या यादीची. लोक ज्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत जात, त्यांतली काही यादीत नव्हती, काही निवडक विभागांपुरतीच होती. कागदावर संरक्षण तीन लाखांचे, पण ते वापरायची जागाच घराजवळ नाही, असे अनेक कुटुंबांच्या वाट्याला आले.

आता मालवण किनाऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. तरी हृदयाचा झटका, डोक्याला मार, अडलेले बाळंतपण किंवा जळीत अशा वेळी घरात पहिले वाक्य निघते ते 'बांबोळीक व्हरूक होया'. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ. कणकवली, वैभववाडीकडची माणसे घाट चढून कोल्हापूर गाठतात. काही बेळगावला जातात. म्हणजे गंभीर आजारात इथला माणूस एक तर घाट ओलांडतो, नाही तर राज्याची हद्द. १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेतून तिथे सोय व्हावी म्हणून दोन सरकारांना बोलणी करावी लागली. हद्दीने माणसाचे किती अडते, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. अशा ठिकाणच्या नगरपरिषदेने निविदेत 'देशभरात किमान इतकी हजार रुग्णालये' अशी अट घातली, तर ती भरभक्कम दिसते आणि निरुपयोगी ठरते. मालवणच्या पाणीपुरवठा विभागातल्या माणसाला दिल्लीतल्या रुग्णालयांचा काय उपयोग? त्याच्यासाठी प्रश्न पाच-सहाच आहेत: पणजी-बांबोळी परिसरात कुठे रोखरहित उपचार मिळतील, म्हापशात कुठे, कोल्हापुरात कुठे, कुडाळ-कणकवलीत कुठे, आणि हृदय, मेंदू, डायलिसिस यांपैकी कशासाठी. जी कंपनी हे नावानिशी लिहून देईल आणि वर्षभरात त्यातले एखादे रुग्णालय गळाले तर दंड सोसेल, तिचा दर थोडा चढा असला तरी ती स्वस्त आहे.

अटींमधली एक ओळ किती खोल जाते, हे खोलीभाड्यावरून कळते. समजा, संरक्षण तीन लाखांचे आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. शस्त्रक्रियेच्या दिवशी ६,००० ची खोलीच रिकामी असते म्हणून नातेवाईक ती घेतात. त्यांना वाटते, फरक दिवसाला ३,००० चा पडेल. प्रत्यक्षात प्रमाणशीर कपात लागू होते. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, भूल यांसारखे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्च ८०,००० असतील, तर त्यातले निम्मे, ४०,००० रुपये, कर्मचाऱ्याच्या अंगावर येतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून नियमाने वगळल्या आहेत म्हणून, नाही तर आकडा आणखी वाढला असता. दोन कंपन्यांच्या बोलीत माणशी दोनशे रुपयांचा फरक असतो आणि तो याच ओळीतून निघालेला असू शकतो. केवळ हप्त्याचे आकडे शेजारी शेजारी मांडणारा तुलनातक्ता ही ओळ दाखवत नाही. तिचा हिशेब कामगाराला कळतो तो डिस्चार्जच्या काउंटरवर.

आजारांचेही तसेच. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून जंतू आत शिरतात. शेतात लावणी करणारे आणि गटारे उपसणारे यांना धोका सर्वांत जास्त. ताप येताच औषध मिळाले तर माणूस चार-आठ दिवसांत उभा राहतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे धरली जातात, डायलिसिस लागते. विमा मात्र सामान्यतः चोवीस तास दाखल झाल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे स्वस्तात बरे होण्याच्या टप्प्यावर कर्मचाऱ्याने रक्ततपासणीचे पैसे खिशातून भरायचे, आणि जीव धोक्यात आल्यावर विमा लागू होणार. पावसाळी तापाची बाह्यरुग्ण तपासणी विम्यात धरा, ही अट लिहायला दोन ओळी लागतात. ती मुंबईच्या नमुना निविदेत असणार नाही, कारण तिथल्या कार्यालयाला लावणीच्या चिखलाची आठवण होण्याचे कारण नाही. इथल्या अटी इथेच लिहिल्या गेल्या पाहिजेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की न्यूनतम दराचा नियम हा भ्रष्टाचाराविरुद्धचा बांध आहे. गुणवत्ता, यादी, सेवा यांना गुण द्यायला लागलात की मर्जीतल्या कंपनीला वाट मिळते. भीती खरी आहे, ती झटकून चालणार नाही. पण मर्जी शिरते ती गुण देण्याची मोकळीक बोली आल्यानंतर वापरता येते तेव्हा. कोणत्या रुग्णालयाला किती गुण, खोलीभाड्याची मर्यादा नसल्यास किती, दावे नाकारण्याच्या प्रमाणाला किती, हे सगळे आकड्यांत आधी छापून टाकले तर बोली उघडल्यावर उरते ती फक्त बेरीज, आणि ती कोणताही कारकून करू शकतो. अटींचा मसुदा महिनाभर नोटीस बोर्डावर आणि संघटनांकडे ठेवावा, आलेल्या हरकती आणि त्यांवरची उत्तरे नोंदवावीत, निवडीनंतर गुणतक्ता जाहीर करावा. जुना दाव्यांचा तपशील, नावे गाळून, सर्व बोलीदारांना एकाच दिवशी द्यावा. उलट आज न्यूनतम दराच्या नियमाआड मर्जी लपू शकते ती अशी: अट अशी लिहायची की एकच कंपनी बसेल, आणि मग तिचा दर न्यूनतम ठरवायचा.

दुसरा प्रश्न विचारला जाईल, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण मिळते, मग वेगळा विमा हवाच कशाला? २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' म्हणून सुरू झालेली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सिंधुदुर्गासह उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचलेली ही योजना गरिबांचा मोठा आधार आहे आणि ती अधिक बळकट व्हायला हवी. पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि अंगीकृत रुग्णालयांवर चालते. यादीबाहेरचा आजार, यादीबाहेरचे रुग्णालय, बाह्यरुग्ण खर्च हे सगळे उरतेच. कर्मचारी विमा त्या योजनेच्या जागी नको, तिच्या पुढे हवा, आणि कोणता खर्च आधी कोणी उचलायचा हेही निविदेतच लिहिलेले असावे.

तिसरी अडचण खरोखरीची आहे: आकार. मालवणची लोकसंख्या २०११ मध्ये १८,६४८ होती. अशा गावच्या नगरपरिषदेचा कर्मचारीवर्ग इतका छोटा, की वर्षात दोन बायपास आणि एक मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले तर पुढच्या वर्षी कंपनी दारात उभी करणार नाही, किंवा हप्ता दुप्पट मागेल. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविमा जीएसटीमुक्त झाला, गटविम्यावर मात्र १८ टक्के कायम आहे; छोट्या संस्थेला हा भारही जाणवतो. यावर उपाय एकत्र येण्याचा. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या नगरपरिषदा आणि कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग या नगरपंचायती मिळून एकच गट केला, एकच निविदा काढली, तीन वर्षांचा करार केला आणि हप्ता किती वाढू शकतो याचे सूत्र आधीच बांधले, तर एका गावातल्या एका आजाराने दुसऱ्या वर्षीची योजना कोसळणार नाही. मुंबईत हप्त्याच्या वाढीवरून झालेल्या वादाची किंमत कामगारांनी मोजली. कंपनी सरकारी असणे हा त्यावर उतारा नव्हता, हेही तिथेच दिसले.

राहिला तो सर्वांत अवघड भाग. विमा 'कर्मचाऱ्यांचा' म्हटल्यावर यादीत कोणाची नावे येतात? नगरपरिषदांमध्ये झाडू मारणारे, घंटागाडीवर चढणारे, गटारे उपसणारे बरेच हात आज ठेकेदारामार्फत येतात. लेप्टोचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचेच नाव नगरपरिषदेच्या हजेरीपटावर नाही, म्हणून विम्याच्या यादीतही नाही. ती ठेकेदाराची जबाबदारी आहे, असे उत्तर मिळते. पण कर्मचारी राज्य विमा कायद्यानेच १९४८ पासून मुख्य मालकाला ठेकेदाराच्या कामगारांसाठी जबाबदार धरलेले आहे. हे तत्त्व नवे नाही, ते फक्त टाळले जाते. जिथे राज्य विम्याचे संरक्षण प्रत्यक्ष पोहोचत नाही, तिथे स्वच्छतेच्या ठेक्याच्या निविदेतच अट घालता येते: ठेकेदार बदलला तरी कामगाराचे नाव नगरपरिषदेच्या गटात राहील, आणि त्याचा हप्ता ठेक्याच्या रकमेतून नगरपरिषद थेट कंपनीला भरेल. कार्ड पावसाळ्याच्या आत, मे महिन्यातच त्याच्या हातात पडले पाहिजे.